घर विकायचं नाही

पुणे, रविवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

दिवाळीत मी जे बोलले ते मागे घेते. सोलापूरचं घर विकून इकडे फ्लॅट घेऊ, असं मी म्हटलं आणि बाबा, तुम्ही ताटावरून न बोलता उठलात. त्यानंतर फोनवर विषय काढला की आई "जेवलीस का?" विचारते. म्हणून लिहायला बसले.

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वीस दिवस मी तिथं होते. लग्नानंतर इतके सलग दिवस जुळे सोलापुरात मी राहिलेच नव्हते. दोन दिवसांसाठी आलं की ऊन आणि नळाचं पाणी एवढंच डोळ्यांत भरतं. या खेपेला वस्ती दिसली.

तुम्ही प्लॉट घेतला तेव्हा मी तिसरीत असेन. आजोबा गिरणीत साच्यावर, आणि आपण सातजण चाळीच्या दोन खोल्यांत. आपल्या गावाची वाढच तशी झालेली. 1860 ला रेल्वे आली, 1877 ला जुनी गिरणी उभी राहिली, मग बाकीच्या गिरण्या, आणि माणसं भोंगा ऐकू येईल एवढ्या अंतरात घरं धरून राहिली. रुळांच्या पलीकडे, विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधे, ज्वारीची रानं होती. तिथं घर बांधायचं म्हटल्यावर आजी म्हणाली होती, "माणसं राहतात का तिथं?" तुम्ही म्हणालात, "सोलापूरला जुळं झालंय आई, त्याच्याकडं कुणीतरी जायला नको का?"

मग 1992 ला हद्दवाढ झाली आणि मजरेवाडी, कुमठे, सोरेगाव अशी आजूबाजूची गावं महापालिकेत आली. नगरपालिका 1852 ची, महापालिका 1964 ची. त्या जुन्या शहराला आपण एकदम नवे. अजूनही मंडईत पत्ता सांगितला की म्हातारी माणसं म्हणतात, "म्हणजे हद्दवाढीत."

मला मात्र आठवते ती काळी माती. पायासाठी मुरूम लागेपर्यंत खणावं लागलं आणि तिथंच निम्मे पैसे संपले, हे तुम्ही आजही सांगता. पावसाळ्यात ती माती चपलेला अशी धरायची की दोन पावलांत चपला वीटभर जड व्हायच्या. आपण चपला हातात घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत जायचो. तिथं आई बाटलीतल्या पाण्यानं माझे पाय धुवायची, पदरानं पुसायची आणि मगच मोजे चढवायची. रोज. परत येऊन स्वयंपाक, हापशावरून चार खेपा, आणि रात्री रस्त्यावर दिवा नाही म्हणून बाबांच्या सायकलच्या आवाजाकडे कान. ज्या बाईनं हे केलं तिला मी चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या 'सोयीच्या' म्हणून सांगत होते. आई, याचं मला फार वाईट वाटतं.

आता आपल्या भागात, आसरा चौकापासून सैफुलपर्यंत, काय नाही? दवाखाने, रक्त तपासायची लॅब, बँका, शाळा-कॉलेजं, डी-मार्ट. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी तीन गल्ल्या सोडून राहते. मागच्या गल्लीतल्या काकू कडक भाकऱ्यांचा धंदा करतात. आईचं समजल्यावर त्यांनी रोज दुपारी दोन मऊ भाकऱ्या पाठवल्या, शेंगाचटणीसकट, आणि पैसे काढले तर रागावल्या. बाबा सकाळी संभाजी तलावापर्यंत (तुमच्या तोंडी अजून कंबर तलावच) फिरून येतात तेव्हा वाटेत अकरा जणांशी बोलतात. मी एक दिवस मोजले. इथं माझ्या सोसायटीत लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडे बघतात. इथं आलात तर बाबा बोलणार कुणाशी?

उणं आहे तेही लिहिते. सिटी बस पूर्वीसारखी मिळत नाही, सिद्धेश्वराच्या देवळात जायचं तर रिक्षाच. आसऱ्याच्या पुलावरची गर्दी तर विचारायलाच नको. आणि पाणी! टाकळीहून भीमेचं पाणी आपल्याच अंगणापासून जवळ सोरेगावला शुद्ध होतं, आणि आपल्या नळाला मात्र चार-पाच दिवसांनी, तेही कधी मध्यरात्री. उजनीसारखं धरण जिल्ह्यात असताना हे सोसावं लागतं, याचा मला मनापासून राग येतो. बाबा नळ उघडा ठेवून खाली घमेलं पालथं घालतात. अडीच वाजता त्यावर पाणी तडतडलं की उठतात, मोटर लावतात आणि टाकी भरली का बघायला लोखंडी शिडीनं वर चढतात. त्या रात्री मी खाली बॅटरी धरून उभी होते. तुमचा पाय तिसऱ्या पायरीवर चाचपडत होता. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

म्हणून घराचं नाही, एवढंच ऐका. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारं यंत्र बसवायला वायरमनशी बोलले आहे, तो गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नका. मोरीत आईला धरायला दांडी बसवून घ्या. निजायची खोली खाली आणा, वरची खोली एखाद्या शिकणाऱ्या मुलीला द्या. भाड्यापेक्षा रात्री घरात तरुण माणूस असेल, हे मला जास्त हवंय.

वंदे भारतनं साडेतीन तास लागतात. महिन्याला एक शनिवार-रविवार मी येणार, आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, मुलांना घेऊन. मिरवणुकीतले सात नंदीध्वज त्यांनी अजून जवळून पाहिलेले नाहीत. आईला देवाचं लग्न लागतं त्या संमती कट्ट्यापर्यंत चालवणार नाही, पण वाटेवर कुठंतरी खुर्ची टाकून बसवू. अक्षता तिच्याही हातात हव्यात.

यंत्र बसेपर्यंत घमेलं तसंच राहू दे. पाणी आलं की मोटर लावा, टाकी वाहून गेली तर जाऊ दे. पण बाबा, शिडीवर चढू नका.

तुमची लेक