घोट्याचा घेर लिहिता, बीपीही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१७ मे च्या जागतिक उच्च रक्तदाब दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. मीठ कमी करा, चाला, गोळी चुकवू नका, हे सगळं त्यात होतं आणि ते बरोबरच आहे. त्याच्या बरोबर एक महिना आधी, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिन असतो. मी या दोन्ही तारखांचा मानकरी, म्हणून हे पत्र.

माझा जन्म १९६४ चा. मला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्ताची गुठळी धरायला लागणारा ‘फॅक्टर आठ’ हा घटक माझ्या रक्तात जेमतेम दोन टक्के; त्यामुळे सांध्यांत रक्त उतरतं आणि ते सुजतात. त्याच वर्षी अमेरिकेत ज्युडिथ पूल यांनी दाखवून दिलं, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला की तळाशी जो साका उरतो त्यात हा फॅक्टर असतो. त्यालाच पुढे सगळे क्रायो म्हणू लागले. आमच्या घरापर्यंत तो पोचायला बरीच वर्षं गेली. तोवर उपाय म्हणजे बर्फ, फळीला बांधलेला पाय आणि आईची जागरणं. माझा मामा याच आजारानं ऐन विशीत गेला होता, त्यामुळे मी म्हातारा होईन असं घरात कुणी धरलंच नव्हतं. आता आमची पिढी साठीला येऊन पोचली आहे आणि साठीचे म्हणून जे आजार, ते आमच्याही दारात हजर आहेत. पहिला नंबर बीपीचा.

लोकांना हे पटत नाही. "तुमचं रक्त आधीच पातळ, तुम्हाला कसला बीपी?" असं गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर मला निदान चौघांनी विचारलं असेल. त्यातला एक निवृत्त फार्मासिस्ट! रक्त पातळ नसतं हो. तुमच्याइतकंच दाट असतं, फक्त एकदा वाहायला लागलं की गुठळी धरत नाही. दाबाचा मामला वेगळा. उलट परदेशातल्या काही अभ्यासांत हिमोफिलिया असलेल्या पुरुषांमध्ये बीपीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्तच आढळलं आहे. त्याचं एकच एक कारण कुणाला सापडलेलं नाही. लघवीतून पुन्हा पुन्हा रक्त जाऊन थकलेली मूत्रपिंडं, सांधे गेल्यामुळे थांबलेलं हिंडणं-फिरणं आणि त्यापायी वाढलेलं वजन, वर्षानुवर्षं गिळलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या, असे बरेच संशयित आहेत. माझ्यापुरतं विचाराल तर त्यांत संध्याकाळचा चिवडा आणि मिसळीबरोबरचा पापडही धरा.

बीपी वाढला की मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती सगळ्यांनाच असते. आमच्यात तो आपणहून थांबत नाही, एवढाच फरक. गुडघ्यात रक्त उतरलं तर महिनाभर लंगडायचं, डोक्यात उतरलं तर हिशेब तासांचा. आणि आम्ही जन्मभर राखण केली ती गुडघ्यांची, कोपरांची, घोट्यांची. डोकं आठवायचं ते कुठे आपटलं तरच.

मला बीपी आहे हे कळलं तेही योगायोगानं. दाढ काढायची होती म्हणून आधी फॅक्टरचं इंजेक्शन घ्यायला गेलो होतो. सिस्टर नवीन होत्या. त्यांनी सवयीनं बीपीचा पट्टा काढला आणि म्हणाल्या, "काका, हात सरळ करा." माझा उजवा कोपर १९८३ पासून सरळ होत नाही. डावा होतो, पण त्यात सुई लावलेली. त्यांनी जरा विचार केला, उजव्या दंडाला पट्टा बांधला, वाकलेल्या हाताखाली ब्लँकेटची घडी सरकवून दंड छातीच्या पातळीला आणला. १६८/१०२. पाच मिनिटं मला तोंड उघडू दिलं नाही आणि परत घेतला. १६४/१००. दाढदुखीचाही काही वाटा असेल म्हणून नंतर आठवडाभर घरी मोजला, तो काही खाली यायला तयार नव्हता. घरी येऊन जुनी फाइल काढली. दोन इंच जाड. पानोपानी गुडघ्याचा आणि घोट्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, आणि बीपी मोजून तीन ठिकाणी.

अ‍ॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात घोटे सुजले. आमच्या जातीच्या पेशंटला घोटा सुजला की दुसरं काही सुचतच नाही. रिक्षा केली, फॅक्टर घेतला, दोन दिवस बर्फ लावला. सूज होती तिथेच. शेवटी बायको म्हणाली, "दोन्ही पाय एकदम कसे सुजतील? आणि दुखतंय कुठे तुम्हाला?" तिनं बोटानं दाबलं तर खळगा पडला. स्राव असता तर बहुधा एकच घोटा, गरम, आधी झिणझिण्या आणि मग ठणका. ही त्या गोळीची सूज होती. पुष्कळांना येते, संध्याकाळी वाढते. डॉक्टरांनी गोळी बदलून टेल्मिसार्टन दिली. अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्याही फुगतात हे मला तेव्हा कळलं. आमच्या हिरड्यांना रक्त यायला निमित्तच लागतं, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनाही बीपीची गोळी कोणती ते सांगायला हवं. पहिली चिठ्ठी लिहिताना कुणी दोन वाक्यं बोललं असतं तर त्या दिवशीच्या फॅक्टरच्या कुप्या सुरगाण्याहून एसटीनं आलेल्या एखाद्या पोराच्या कामी आल्या असत्या.

आणखी एक. ज्येष्ठ नागरिकांच्या एका शिबिरात (कुठल्या ते राहू द्या) माझा आकडा बघून "हृदयासाठी चांगली" म्हणत ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन लिहून दिली. मागचापुढचा प्रश्न नाही. मी हिमोफिलियाचं कार्ड पुढे केलं तेव्हा चिठ्ठी परत घेतली, तेवढं भलं. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटचं, म्हणजे जखमेवर आधी गोळा होणाऱ्या रक्तकणांचं, काम बंद पाडते. ज्याच्या भिंतीला सिमेंटच नाही त्याच्या विटाही काढून न्यायच्या, त्यातला प्रकार. कुणाला हृदयाच्या आजारात ती खरंच द्यावी लागते, पण ते रक्तविकारतज्ज्ञांना विचारून. मेडिकलमधून सांधेदुखीसाठी सर्रास मिळणाऱ्या आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक तर दोन्हीकडून मारतात: रक्तस्राव वाढवतात आणि बीपीही चढवतात. मी पॅरासिटामॉलवर भागवतो.

सरकारी रुग्णालयातून फॅक्टर मोफत मिळतो आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं २१ प्रकारांत हिमोफिलियाला जागा दिली, याची जाणीव मला आहे. माझं मागणं बिनखर्चाचं आहे. फॅक्टर देताना दर वेळी बीपी घ्यावा आणि तो फॅक्टरच्या कार्डावरच लिहावा. वेगळा कागद नको, तो हरवतो. जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या मार्गदर्शक सूचनांतही बीपीची नियमित तपासणी सांगितलेली आहे. मालेगाव, पेठ, सुरगाण्याकडून येणाऱ्या माणसाच्या दंडाला पट्टा लागण्याची तीच एक संधी असते. तो ठणकता सांधा घेऊन आलेला असतो, त्यामुळे आकडा चढा येणार हे खरं. म्हणून तर तो लिहून ठेवायचा आणि दुखणं उतरल्यावर परत बघायचा. घरी मोजणाऱ्यांनी दंडाचं यंत्र घ्यावं, मनगटाचं नको. सांध्यात ताजं रक्त उतरलं असेल तर तो हात सोडून दुसऱ्या हाताला लावावं. घरचे आकडे सतत १३५/८५ च्या वर येत असतील तर डॉक्टरांना दाखवावेत.

आणि कार्डाच्या मागे एक ओळ ठळक छापावी: डोकं फार दुखून उलटी, गुंगी, बोलण्यात अडखळ, तर आधी फॅक्टर आणि मग सीटी स्कॅन. रात्री कॅज्युअल्टीत असलेल्या तरुण डॉक्टरांनी हिमोफिलियाचा पेशंट कदाचित पाहिलेलाही नसतो. एका किलोला एक युनिट दिलं की फॅक्टर आठ साधारण दोन टक्क्यांनी वर जातो. माझं वजन ६४ किलो, म्हणजे शंभर टक्क्यांपर्यंत न्यायला सुमारे ३२०० युनिट. हा हिशेब मी माझ्या कार्डावर पेननं लिहून ठेवला आहे. छापील असता तर बरं झालं असतं, माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा वाईट आहे.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक

ता. क. : नाव छापू नये ही विनंती. मला संकोच नाही. पण हिमोफिलिया असलेल्या बापाची प्रत्येक मुलगी वाहक असते, म्हणजे तिच्याकडून तो मुलांकडे जाऊ शकतो, आणि माझ्या धाकटीच्या सासरी ही गोष्ट अजून फक्त जावयांनाच माहीत आहे.