बाबा, पिल्लं मी बेसाला नेली

नंदनवन, नागपूर
३० जानेवारी

ती. आई आणि बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवरच सांगणार होते. तीनदा ठरवलं. पण आई फोन स्पीकरवर टाकते, मागून दादा काहीतरी विचारतो, आणि बाबा, तुम्ही बोलायला लागलात की चौथ्या वाक्याला खोकला येतो. मग माझ्या तोंडून ‘इकडे सगळं ठीक’ एवढंच निघतं. आई, हे पत्र तू त्यांना वाचून दाखवू नकोस. चष्मा दे आणि त्यांचं त्यांना वाचू दे.

आधी आनंदाची गोष्ट. पिल्लं निघाली. ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी तुम्ही उबवणीच्या पेटीत ३० अंडी मांडली होती. सातव्या दिवशी तुम्हीच टॉर्च लावून ४ कोरी काढली. चौदाव्या दिवशी, म्हणजे संक्रांतीला, दवाखान्यातून तुम्हाला सुट्टी मिळाली त्या रात्री मी एकटीनं पाहिली. दोन अंड्यांत रक्ताचं कडं धरलेलं होतं, ती काढली. राहिली २४. त्यातून १९ पिल्लं बाहेर आली. आज १८ आहेत. एकोणिसाव्याचं पुढे सांगते.

तुमच्या वहीत एकही दिवस कोरा नाही. ९ तारखेला तुम्हाला भरती केलं तेव्हापासून पुढचे रकाने माझ्या अक्षरात आहेत, पण आहेत. पारा ३७.५ च्या आसपास ठेवला. अंडी दिवसातून पाच वेळा फिरवली, फुलीची खूण वर असली की गोलाची वर, गोल वर असला की फुली. रोज रात्री वेगळी बाजू वर यावी म्हणून आकडा विषमच ठेवायचा, हे तुम्ही मला दुसरी-तिसरीत असताना सांगितलं होतं. अठराव्या दिवशी फिरवणं थांबवलं, पाण्याच्या वाटीत स्पंज टाकून दुसरी वाटी ठेवली आणि झाकण बंद केलं. जानेवारीची इथली हवा किती कोरडी असते ते तुम्हाला ठाऊक आहेच, आतला पडदा वाळून पिल्लू चिकटू नये याचीच धास्ती होती.

आणि नेमकी १९ च्या रात्री लाईन गेली. दीड वाजला होता. मी तुमच्याच पलंगावर झोपले होते, बल्ब विझल्यावर पंख्याचा आवाज थांबला तेव्हा जाग आली. चार बाटल्यांत गरम पाणी भरलं, आईच्या जुन्या शालीत गुंडाळून पेटीत चारी कोपऱ्यांना ठेवल्या आणि वरून गोधडी टाकली. (आई, ती हिरवी शाल. धुऊन ठेवली आहे.) दर अर्ध्या तासानं पाणी बदललं. पारा ३४ पर्यंत उतरला आणि तिथेच टिकला. सव्वाचारला लाईन आली. त्याच्या थोडं आधी, मिट्ट अंधारात, कवचाला अजून टवकासुद्धा गेला नव्हता आणि आतून बारीक चिवचिव ऐकू आली. बाबा, मला रडूच आलं. चंद्री जुन्या पत्र्याच्या पेटीत खुडूक बसायची तेव्हा तुम्ही हळूच तिच्या पोटाखालचं अंडं काढून माझ्या कानाला लावायचे. ‘ऐक पोट्टे, आतून बोलून राहिलं.’ मी श्वास रोखून धरायची. त्या रात्रीही रोखून धरला, आणि तुम्हाला उठवायला शेजारच्या खोलीकडे चार पावलं गेलेसुद्धा. मग आठवलं, तुम्ही पुण्याला आहात.

आता एकोणिसावं. त्याचं कवच सकाळी टोचलं गेलं आणि संध्याकाळ झाली तरी पुढे सरकेना. तुम्ही नेहमी सांगता की भोक पडल्यावर बारा तास लागोत की चोवीस, हात लावायचा नाही. आतल्या पडद्यातल्या नसांमधलं रक्त त्याच्या अंगात परत जायचं असतं, पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. मला सगळं ठाऊक होतं. तरी रात्री नऊला मी नखानं कवच सोललं. रक्त आलं. बलक अजून बाहेरच होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते जगलं. कढीपत्त्याखाली पुरलं आहे. वहीत ‘१ मेलं’ एवढंच लिहिलं होतं, कारण लिहिलं नव्हतं. आज लिहिलं.

बाकीची अठरा मस्त आहेत. पहिल्या दिवशी गुळाचं पाणी दिलं, मग भरडलेली मका आणि कनकी, आणि पिल्लांचं तयार खाद्यही आणलं. पाण्याच्या थाळीत गोट्या टाकल्या आहेत, कोणी बुडायचं नाही. पुठ्ठ्याचा गोल केला आहे, कोपरा ठेवलाच नाही, म्हणजे थंडीनं एकावर एक चढून गुदमरायला नको. खाली तूस आणि त्यावर पहिले चार दिवस गोणपाट. वर्तमानपत्र नाही घातलं, त्यावर पाय फाकतात. पहिल्या आठवड्यात ३५ अंश ठेवले, आता ३२ वर आणले आहेत. पण खरं तर मी पाऱ्याकडे कमी आणि पिल्लांकडे जास्त बघते. बल्बखाली गोळा झाली तर थंडी, कडेला पळून चोच उघडी टाकली तर गरमी, सगळीकडे पसरून निवांत झोपली तर बरोबर. सातव्या दिवशी राणीखेत रोगाची लासोटा लस डोळ्यात एकेक थेंब टाकली. लहानात लहान कुपी शंभर डोसची मिळाली. आपली अठरा, म्हणून गल्लीतल्या दोन घरच्या पिल्लांनाही दिली. बर्फाच्या थर्मासातून आणली आणि कालवल्यावर दोन तासांच्या आत संपवली. १४ व्या दिवशी गंबोरो रोगाची द्यायची आहे, लक्षात आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात पक्षी आहेत का?’ तुम्ही म्हणालात, ‘नाही.’ मी तिथेच होते. तुमच्यासमोर काही बोलले नाही. नंतर बाहेर व्हरांड्यात गेले आणि त्यांना सगळं सांगितलं. परसातल्या सहा कोंबड्या, पलंगाशेजारची पेटी, मागच्या वर्षी महिनाभर त्याच खोलीत वाढलेली पिल्लं, रात्री दोनचा गजर. बाबा, तुमच्यामागे चुगली केल्यासारखं वाटलं मला, अजून वाटतं. पण त्यांनी छातीचा फोटो दाखवला आणि समजावलं की पिसांचा आणि वाळलेल्या विष्ठेचा बारीक भुगा श्वासातून आत जातो, काहींची फुप्फुसं त्यावर सुजतात, आणि पुन्हा पुन्हा सुजली की तिथे व्रण धरतात. ते व्रण मग जात नाहीत. गोळ्यांनी सूज उतरेल, पण खरं औषध म्हणजे लांब राहणं. मी विचारलं, मोकळ्या अंगणात, तोंडाला मास्क लावून, घटकाभर? ते म्हणाले, सध्या नाही. तीन महिन्यांनी तपासू आणि मग बोलू.

म्हणून मी पिल्लं, पेटी आणि सहाही कोंबड्या परवा बेसाला आमच्या घरी नेल्या. तुम्हाला न विचारता. विचारलं असतं तर तुम्ही ‘बरं’ म्हणाले असते आणि मग महाराष्ट्र एक्सप्रेसचं तिकीट काढलं असतं. खोटं सांगू नका, तुम्ही काढलंच असतं.

कोंबड्या विकल्या नाहीत, कोणाला दिल्या नाहीत आणि कापल्या तर मुळीच जाणार नाहीत. आमच्या मागच्या अंगणात जावयांनी जाळी मारली आहे, जमिनीत वीतभर पुरली आहे, मुंगसाचं भय नको. वर पत्रा, पत्र्यावर तुराट्या, म्हणजे मे महिन्यात तापणार नाही. पिल्लं पडवीत आहेत, झोपायच्या खोलीत नाहीत. मी मास्क लावून झाडते. लाल कोंबडी पहिल्या दिवशी रुसली, दाणे टिपेना. काल तिनं अंडं दिलं.

इथलं घर मी घासून काढलं. झाडू मारला नाही, सगळं ओल्या फडक्यानं पुसलं. पडदे धुतले, गाद्यांना तीन दिवस ऊन दाखवलं, पेटीच्या जागची भिंत रंगवली. रंग थोडा गडद आला, पण तुम्हाला चालेल. तुमची आरामखुर्ची खिडकीशी सरकवली आहे, तिथे सकाळचं ऊन येतं. आई, तुळशीला रोज पाणी घालते. दूधवाल्याला पाव लिटर केलं आहे. गिझरची कुरकुर करणारी वायर बदलून घेतली. माठ नवा आणला, तू आल्याशिवाय धुणार नाही.

आता ऐका. बाबा, सकाळची गोळी काहीतरी खाल्ल्यावरच घ्यायची. बरं वाटलं म्हणून ती एकदम बंद करायची नाही, डॉक्टर म्हणतील तशी कमी करायची. ती सुरू असताना साखर वाढू शकते, तेव्हा दादाला सांगून दर आठवड्याला तपासून घ्या, आणि वहिनी देते म्हणून दोन-दोन तिळाच्या वड्या उचलू नका. पहाटे गच्चीवर जायचं नाही. दादाच्या सोसायटीतल्या कबुतरांना दाणे टाकायचे नाहीत. हो, तेही मला कळलं. तो भुगाही तसाच. आई, त्यांच्यामागे लागताना तुझी बीपीची गोळी विसरतेस, डबीतले कप्पे मी मोजले होते. सांबारवडी खावीशी वाटली तर वहिनीला सांग, तिला येते. फक्त ती सांबाराला कोथिंबीर म्हणेल.

वही मी नेली नाही. ती दादाच्या पत्त्यावर या पत्रासोबत येईल. मी रोज रात्री आठला पारा, दाणा आणि पिल्लांचा आकडा फोनवर सांगणार, आणि तुम्ही लिहायचं. माझ्या अक्षरातले ते वीस-बावीस दिवस बघवत नाहीत हो. शिवाय मला खरंच पुष्कळ कळत नाही. यातले कोंबडे कोणते हे तुम्ही महिनाभरात तुऱ्यावरून आणि चालीवरून ओळखता, मला आत्ता सगळी सारखीच दिसतात. एक मात्र पाठीवर काळा पट्टा असलेलं आहे, इतरांच्या अंगावरून चालत जातं आणि थाळीत मधोमध उभं राहतं. उद्या त्याचा व्हिडिओ पाठवते. कोंबडा की कोंबडी, ते बघून सांगा.

तुमची पोट्टी

ता.क. आई, लोणच्याची मोठी बरणी दवाखान्याच्या गडबडीत उघडी राहिली होती. वरचा थर काढला, खालचं चांगलं आहे. तेल गरम करून, गार करून वर ओतलं आहे. अर्धी बरणी दादाकडे येणाऱ्याबरोबर पाठवते. बाबांना एका जेवणात एकच फोड दे.