जंगलालगतच्या मुलांना चिठ्ठ्या टाकाव्या लागू नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका लहान गावात शिक्षिका आहे. डिसेंबरात आमची सहल नवेगावबांधला गेली. एकूण 31 मुलं. जमलेल्या वर्गणीत जंगल फिरायच्या दोनच गाड्या बसत होत्या, म्हणजे आत जाणार बारा जण. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांचं नाव निघालं नाही त्यांच्यासोबत मी बाहेर थांबले.

त्यांत सहावीतला एक मुलगा होता. दिवाळीपर्यंत तो बापासोबत मचाणीवर बसून रानडुकरांपासून धान राखत होता. त्याच्या घरामागूनच जंगल सुरू होतं. नवेगावचं राष्ट्रीय उद्यान 1975 साली झालं, 2013 साली व्याघ्र प्रकल्प झाला. ते आतून कसं दिसतं हे मात्र त्याला माहीत नाही.

आम्ही पायी नवेगावबांधच्या तलावाकडे निघालो. 18व्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधला. लोक त्यांना कोलासूर म्हणून पुजतात. तलावाच्या पाळीवरच, म्हणजे बांधावर, त्यांचं ठाणं आहे. भोवतीच्या टेकड्या त्या सात बहिणी. हे सगळं सांगत होते, तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, मंग हा तलाव आपल्याच लोकाईनं बांधला?" ती कोहळी समाजाचीच पोर. पुस्तकात तिला ताजमहाल कोणी बांधला ते सापडतं, हे नाही.

पुढे पायवाटेच्या कडेला एक वारूळ उकरलेलं दिसलं. मला ते नुसतं मातीचं ढेकूळ वाटलं. मचाणीवाला पोरगा उकिडवा बसला, माती बोटांत चुरून म्हणाला, "अस्वलाचं हाय. रातचंच. माती अजून वली हाय." शेजारच्या मुलीनं माझा पदर घट्ट धरला. पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या तिच्या आजीच्या खांद्यावर अस्वलाच्या नखांचे वण आहेत. आम्ही तिथूनच मागे फिरलो.

संध्याकाळी गाडीतली मुलं परतली. त्यांना गवे दिसले होते. बाहेर राहिलेली मुलं ऐकत होती. कोणी रडलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

जंगलाचा त्रास या मुलांच्या घरांनी सोसायचा, गाय गेली तर पंचनाम्याची वाट पाहायची, आणि जंगल पाहायची वेळ आली की गाडीभाडं आडवं येतं. लांबून येणाऱ्या पर्यटकांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. वनविभागाला एवढीच कळकळीची विनंती आहे की जंगलालगतच्या गावांतल्या शाळांसाठी महिन्यातला एक दिवस राखून ठेवावा आणि त्या दिवशी विभागाच्या मोठ्या गाडीतून, गावातलाच गाईड देऊन, सगळा वर्ग आत न्यावा. मोह फुलायच्या आधी सुरुवात झाली, तर त्या 19 मुलांना याच वर्षी आत जाता येईल.

आपली नम्र,
एक शिक्षिका, जि. गोंदिया