छतातून टपकणारे पाणी बाहेरचे नसते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला थंडीत कॅम्परने, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीने, करायच्या सहलींवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे, फोटोही सुंदर आहेत. पण त्यातल्या एका चौकटीत असे सांगितले आहे की, रात्री सगळ्या काचा घट्ट लावून घ्याव्यात, झोपण्याआधी आत शेगडी किंवा गॅस पेटवून ऊब धरावी, आणि सकाळी छत ओले दिसले तर सिलिकॉन भरून गळती बुजवावी. हे तिन्ही सल्ले चुकीचे आहेत, आणि मधला तर जिवावर बेतणारा आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबेल. जागेअभावी कापावे लागले तर कापा, पण शेगडीबद्दलचा मजकूर तेवढा राहू द्या.

मी 67 वर्षांचा आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात 28 वर्षे सुपरवायझर होतो. निवृत्तीच्या पैशातून एक जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली आणि आरटीओची रीतसर परवानगी काढून तिचे फिरते घर करून घेतले. पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, दोन कपाटे. काम इथल्याच एका बॉडी वर्कशॉपमध्ये झाले. पत्र्याच्या पट्ट्यांवर थेट प्लाय ठोकला, वरून मरून रंगाचे रेक्झिन. छताला आधी एक झडप होती. ती पावसात गळेल म्हणून मिस्त्रीने वेल्डिंग मारून कायमची बंद केली. मीही हो म्हटले.

पहिल्या हिवाळ्यात होटगी रोडवर घरासमोरच दोन रात्री झोपून पाहिले. काहीच झाले नाही. आपल्या सोलापूरची थंडी कोरडी. मग जानेवारीत उजनीच्या काठाला, करमाळ्याच्या बाजूला, रोहित पक्षी बघायला गेलो. पहाटे काचा आतून धुरकटलेल्या होत्या. बाहेर धुके होते, म्हटले धरणाचा ओलावा असेल. तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते.

पुढच्या डिसेंबरात आम्ही दोघे माउंट अबूला गेलो. पारा शून्याला टेकला होता. संध्याकाळी आतच खिचडी टाकली, दोनदा चहा झाला. धुतलेले मोजे आणि अंगाचे टॉवेल आत दोरीवर. काचांमधून गारवा येतो म्हणून घरच्या सोलापुरी चादरी आतून पडद्यासारख्या लावल्या आणि सगळे बंद करून झोपलो. पहाटे चारला सौभाग्यवतींनी हलवले, "अहो, उठा की. छत गळायलंय."

टॉर्च लावली. छतातल्या लोखंडी पट्ट्यांच्या बरोबर खाली रेक्झिनवर थेंबांच्या सरळ ओळी लागल्या होत्या, फूटपट्टीने आखल्यासारख्या. दोन पट्ट्यांच्या मधला भाग त्या मानाने कोरडा. चादर बाजूला केली तर काचेवरून पाणी ओघळून खालच्या रबरात साचलेले, आणि चादरीची किनार पिळून निघेल इतकी चिंब. खाली उतरून बघितले. वर स्वच्छ चांदणे. पावसाचा टिपूस नाही, टपावर नुसते पांढरे दहिवर. मग गळत काय होते?

उजाडल्यावर गादी उचलली. खालचा प्लाय काळपट ओला, त्यावर राईएवढे काळे ठिपके, आणि वास पावसाळ्यात बंद राहिलेल्या कपाटासारखा. सौभाग्यवतींना दमा आहे. गाडीत झोपले की त्यांचा खोकला वाढतो, हे मला दिसत होते. मी ते थंडीवर ढकलत होतो. ती बुरशी त्यांच्या उशाखाली होती, ही गोष्ट मला आजही लागून आहे.

खरे तर मला हे आधी कळायला हवे होते. हवेत पाणी घालणे हे माझ्या नोकरीतले रोजचे काम होते. सूत कोरडे पडले की तुटते, म्हणून एप्रिल-मे महिन्यात शेडमध्ये पाणी मारायचे, भिंतीवर दोन थर्मामीटर टांगलेले, एकाच्या टोकाला ओले फडके. दोन्हींच्या आकड्यातला फरक बघून हवा किती ओली ते काढायचे. गरम हवा भरपूर पाणी पोटात ठेवते आणि थंड होताच ते टाकून देते, एवढाच तो मामला. एक घनमीटर हवेत 20 अंशाला जास्तीत जास्त 17 ग्रॅम पाणी राहते, 10 अंशाला साडेनऊ ग्रॅमच्या आत, 5 अंशाला सातही नाही.

आता हाच हिशोब गाडीला लावू. आमच्या गाडीच्या आत साधारण 12 घनमीटर हवा आहे. ती 20 अंशाला काठोकाठ भरली तरी पाणी 200 ग्रॅम, म्हणजे एक पेलाभर. झोपलेला माणूस श्वासातून आणि अंगातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी सोडतो. आम्ही दोघे, म्हणजे अर्धा लिटर. पेल्यात मावेल त्याच्या अडीचपट! शिवाय गॅस. एलपीजी जळताना पाणी तयार होते, हे अनेकांना ठाऊक नसते. एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन हवेत जाते. पाच किलोचा छोटा सिलिंडर संपला, म्हणजे आठ लिटर पाणी गाडीत ओतले गेले असे धरा. खिचडीची वाफ आणि दोरीवरचे मोजे वेगळेच.

हे पाणी मग सगळ्यात गार जागा शोधते. 20 अंशाची, साठ टक्के ओलावा असलेली (म्हणजे मावेल त्याच्या साठ टक्के पाणी धरलेली) हवा 12 अंशाच्या पत्र्याला लागली तरी दव धरते. अबूला तर पत्रा शून्याला होता. पट्ट्यांखालीच थेंब का, तेही यातच आले. लोखंड गारवा सरळ आत आणते, मधल्या पोकळीत हवा असल्याने तिथे तो जरा अडतो. आणि चादरी? चादरीने आमची ऊब काचेपर्यंत पोहोचू दिली नाही, त्यामुळे काच आणखी गार झाली. वाफ मात्र विणीतून आरपार गेली. सोलापुरी चादर अंगावर घ्यावी, काचेला आतून लावू नये.

गादीचेही तेच. कापूस पाणी पितो. आमच्या धंद्यात सुताचे वजन धरताना शंभर किलो कोरड्या कापसामागे साडेआठ किलो ओलावा धरतात, आणि दमट हवेत तो दुपटीच्या जवळ जातो. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, गार प्लायवर तिचे पाणी होते, आणि वरून गादी तशीच पडलेली. वाळणार कशी?

म्हणून पहिला उपाय, आणि बिनपैशाचा: काच दोन बोटे उघडी ठेवा. एका बाजूला खालून हवा आत, दुसऱ्या बाजूला वरून बाहेर. लोक म्हणतात, बाहेरची हवा तर धुक्याने ओली, ती आत घेऊन काय सुकणार? पण 5 अंशाची अगदी धुक्यातली हवा आत येऊन 20 अंशाला तापली की तिचा ओलावा चाळीस टक्क्यांवर येतो. ती तुमचे पाणी घेऊन बाहेर जाते. थोडी थंडी लागेल. तिच्यासाठी आपल्याकडे चादरी आहेतच, दोन घ्या.

गावी परतल्यावर मी सगळे रेक्झिन आणि प्लाय काढायला लावला. आत पत्र्याला ठिकठिकाणी गंज धरला होता. तो घासून, प्रायमर मारून, एसीच्या डक्टला लावतात ती काळी रबरी शीट 19 मिलिमीटरची आणली आणि पत्र्याला पूर्ण चिकटवली. लोखंडी पट्ट्याही तिच्यात गुंडाळल्या, कारण खरी चोरवाट तीच. शीट बंद छिद्रांची असल्याने वाफ तिच्यातून पत्र्यापर्यंत जात नाही. काही जण थर्मोकोलचे तुकडे नुसते खोचतात किंवा काचलोकर भरतात. थर्मोकोलच्या मागे फट राहते, काचलोकर ओली झाली की आतच कुजत बसते, आणि पत्रा कधी सडला ते कळतही नाही.

छताची झडप पुन्हा कापून काढली. 14 इंची, वर पावसाची टोपी, आत 12 व्होल्टचा पंखा, बाहेर हवा टाकणारा. स्वयंपाक करताना तो लावायचाच आणि भांड्यावर झाकण ठेवायचे. पलंगाचा प्लाय काढून लाकडी पट्ट्या मारल्या, मध्ये बोटभर फटी, त्यावर काथ्याची चटई आणि मग गादी. काचांना चंदेरी फोमचे झाकण शिवून घेतले, पण ते बाहेरून बांधतो. ओले कपडे पुढे ड्रायव्हरच्या बाजूला, मागे पडदा ओढून आणि तिथली काच किलकिली ठेवून. ओलावा दाखवणारे छोटे यंत्र काही शेकड्यांत मिळते, ते उशाशी असते. आकडा साठच्या वर गेला की सौभाग्यवती स्वतःच काच उघडतात. ओलावा शोषणाऱ्या खड्यांचे डबे मिळतात, ते गाडी घरासमोर बंद उभी असताना ठीक. रात्रीच्या अर्ध्या लिटरला ते पुरत नाहीत.

सकाळी उठल्याबरोबर टॉवेलने काचा पुसायच्या. टॉवेल सोलापूरचा असावा, हे मी अभिमानाने सांगतो. त्याच्या उभ्या फासांमध्ये पाणी जसे बसते तसे सपाट कापडात बसत नाही. पण पुसलेला टॉवेल बाहेर पिळून बाहेरच वाळत घालायचा. अबूच्या त्या सकाळी मी तो तांब्यात पिळला होता, चहाचे तीन कप भरतील इतके पाणी निघाले. गेल्या जानेवारीत उजनीला पुन्हा गेलो, त्याच जागी, तसेच धुके. पुढच्या मोठ्या काचेवर खाली ओलसर रेघ होती, बाकी गाडी कोरडी. गादी उचलून पाहिली, प्लायचा तो वास नव्हता. सौभाग्यवती रात्रभर शांत झोपल्या.

सिलिकॉनबद्दल एवढेच, की पाणी आतले असताना बाहेरून फटी बुजवल्या तर वाफेची उरलीसुरली वाटही बंद होते आणि छत आणखी गळते.

आता शेगडी. बंद गाडीत कोळशाची शेगडी किंवा गॅस ऊब धरायला पेटवणे म्हणजे मरण आत घेणे. बंद जागेत जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. उत्तरेकडे दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबे सकाळी मेलेली सापडतात, या बातम्या आपणच छापता. आणि ज्या उबेसाठी गॅस पेटवायचा, तीही ओलीच मिळते. वर गॅसचा हिशोब दिलाच आहे. ऊब हवीच असेल तर धूर गाडीबाहेर टाकणारा डिझेल हीटर बसवावा, तोही जाणकाराकडून, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. आम्ही गरम पाण्याच्या पिशव्यांवर भागवतो.

करमाळ्याच्या त्याच रस्त्यावर ऊसतोड कामगारांच्या कोप्या दिसल्या, म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाचटाची कोपी श्वास घेते. आता वरून प्लास्टिकचा कागद टाकतात, आणि पहाटे तो आतून टपटपतो. एका बाईंनी लेकराची गोधडी मला हातात दिली, ती ओली होती. त्या म्हणाल्या, "दव पडतंय ओ मामा." दव बाहेरचे नव्हते. वरच्या टोकाला कागद वीतभर दुमडून ठेवला तर फरक पडतो, तसे आम्ही करून दिले. कार्तिकी वारीला ताडपत्री बांधलेल्या ट्रकमध्ये दाटीवाटीने झोपणाऱ्या माउलींनाही हेच लागू आहे. मागची ताडपत्री पूर्ण ओढून घेऊ नये, आणि आत चूल-स्टोव्ह तर नकोच.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. अशा गाड्या वाढणार, आणि सोलापुरातली वर्कशॉपही त्या बनवणार. आपल्या मिस्त्रींच्या हाताला तोड नाही. त्यांनी फक्त रेक्झिन लावण्याआधी गिऱ्हाइकाला विचारावे, हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार. गिऱ्हाइकाला ते माहीत नसते, मलाही नव्हते.

येत्या रविवारी ती चौकट दुरुस्त करून, त्याच जागी आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापावी, ही कळकळीची विनंती. नाताळच्या सुटीला गाड्या निघायच्या आत.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त टॉवेल कारखाना सुपरवायझर,
होटगी रोड, सोलापूर