बायपासचा हिशेब तीस दिवसांवर थांबवू नका

प्रति,
मा. आरोग्यमंत्री

विषय : बायपास झालेल्या रुग्णांचा किमान दहा वर्षे पाठपुरावा होण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. बायपास झालेल्या रुग्णांना पलंगावरून उठवणं, चालतं करणं, जिना चढायला लावणं हे माझं काम. कुठल्याही रुग्णालयाला विचारा, तुमच्याकडे बायपासचा निकाल कसा आहे? उत्तरात मृत्यूदराचा एक आकडा येतो. तो रुग्णालयात असतानाचा, फार तर पहिल्या तीस दिवसांचा. एकतिसाव्या दिवशी रुग्ण कुणाच्याच वहीत नसतो. आणि शस्त्रक्रिया तर केलेली असते पुढची दहा-पंधरा वर्षं डोळ्यासमोर ठेवून.

एवढ्याशा मुदतीत काय काय दिसत नाही, ते ‘स्टिच’ या चाचणीत स्पष्ट झालं. हृदयाचं पंपिंग, म्हणजे एका ठोक्याला डाव्या कप्प्यातलं जेवढं रक्त बाहेर फेकलं जातं ते, ३५ टक्के किंवा त्याहून कमी असलेले १,२१२ रुग्ण त्यात होते. निम्म्यांना फक्त औषधं, निम्म्यांना औषधांच्या जोडीला बायपास. पहिल्या महिन्यात बायपासच्या गटात जास्त मृत्यू झाले. इतक्या थकलेल्या हृदयावर शस्त्रक्रिया म्हटल्यावर ते होणारच. २०११ मध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हाही एकूण मृत्यूंमधला फरक ठामपणे सांगण्याजोगा नव्हता. पण संशोधकांनी रुग्णांचा माग सोडला नाही. २०१६ मध्ये दहा वर्षांचे आकडे आले : नुसत्या औषधांच्या गटातले सुमारे ६६ टक्के रुग्ण दगावले होते, बायपासच्या गटातले ५९ टक्के. तीस दिवसांच्या तक्त्यात तोट्याचा दिसणारा उपचार दहा वर्षांत फायद्याचा ठरला. आपले तक्ते मात्र अजून पहिल्या महिन्यातच अडकलेत.

बरं, त्या एका आकड्यावर सर्जनची पत ठरायला लागली, की जोखमीचा रुग्ण टाळावासा वाटतो. न्यूयॉर्क राज्याने सर्जननिहाय मृत्यूदर जाहीर करायला सुरुवात केल्यावर याच मुद्द्यावर मोठा वाद झाला होता. आकडे जाहीर होऊच नयेत असं मी म्हणत नाही. पण जाहीर करायचे तर लांबच्या मुदतीचा आकडाही जाहीर करा.

आता त्या दहा वर्षांत छातीच्या आत काय होतं ते पाहा. बायपाससाठी, म्हणजे अडलेल्या जागेला वळसा देऊन रक्त पुढे न्यायला, बहुधा दोन प्रकारच्या रक्तवाहिन्या (ग्राफ्ट) वापरतात. छातीच्या आतली धमनी जोडली, तर दहा वर्षांनीही दहापैकी नऊ किंवा जास्त जणांत ती वाहती असते. पायातून काढलेल्या शिरेचं तसं नाही. धमनीचा दाब तिने कधी सोसलेला नसतो. पहिल्या काही आठवड्यांत गुठळीची भीती, वर्षभरात आतला थर जाड होतो, पुढे चरबी साचत जाते. दहा वर्षांत अशा सुमारे निम्म्या शिरा बंद पडतात किंवा बऱ्याच खराब होतात. ही घसरण लांबवायला अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन लागतं, सिगारेट कायमची सुटावी लागते, मधुमेह आणि रक्तदाब आवाक्यात ठेवावे लागतात. ही सगळी कामं रुग्णालयाबाहेरची.

गोळ्या मात्र सुटतात. “आता दुखत नाही, मग कशाला?” हे वाक्य मी सतत ऐकते. स्वीडनने २८ हजारांहून अधिक बायपास रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदी तपासल्या. सुरुवातीला ९४ टक्के रुग्ण स्टॅटिन घेत होते, आठ वर्षांनी ७७ टक्के. स्टॅटिन आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू ठेवणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले. हृदयाचे ठोके आणि रक्तदाब कमी ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांबाबत तसा फरक दिसला नाही. कुठली गोळी आयुष्यभर घ्यायची आणि कुठलीचा फेरविचार करायचा, याचं उत्तर अशा नोंदींतूनच मिळायला लागतं.

आता कागदाचं सांगते. काही वर्षांनंतर छातीत पुन्हा दुखू लागलेला रुग्ण येतो. हातात पिशवी, पिशवीत जुने ईसीजी, लॅबचे रिपोर्ट आणि घड्या पडून फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर फक्त ‘बायपास, चार ग्राफ्ट’. धमनी कुठे जोडली, शिरा कुठे, काही नाही. ते असतं ऑपरेशन नोटमध्ये आणि ती नोट रुग्णाला दिलेलीच नसते. अँजिओग्राफी करणारा डॉक्टर मग एकेक ग्राफ्टचं तोंड शोधत बसतो. वेळ जातो, रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचायचा डाय जास्त लागतो आणि त्याचा भार आधीच नाजूक असलेल्या किडनीवर पडतो. एका पानासाठी हे सगळं!

म्हणून विनंती अशी, की बायपासच्या प्रत्येक रुग्णाची नोंद एका राष्ट्रीय नोंदवहीत व्हावी आणि ती मृत्यूनोंदणीशी जोडली जावी. त्यासाठी गोपनीयतेचे नीट नियम लागतील, ते करावेत. एक, पाच आणि दहा वर्षांनी चार गोष्टी विचारल्या जाव्यात : रुग्ण हयात आहे का, पुन्हा झटका, स्टेंट किंवा शस्त्रक्रिया झाली का, गोळ्या चालू आहेत का, आणि जिना चढता येतो का. शेवटचा प्रश्न माझ्या धंद्याचा म्हणून घुसडला असं कुणी म्हणेल, म्हणू दे. रुग्णाला स्वतःला त्याचंच उत्तर हवं असतं.

शस्त्रक्रियेला निधी देताना कार्डिअ‍ॅक रिहॅबचाही, म्हणजे हृदयरुग्णाला देखरेखीखाली व्यायाम आणि सल्ला देऊन पुन्हा उभं करण्याच्या उपचाराचाही, त्यातच समावेश करावा. व्यायामावर आधारलेल्या रिहॅबने हृदयविकाराचे मृत्यू आणि पुन्हा दाखल होणं कमी होतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलंय. तरी तिथवर पोचणारे थोडे, आणि स्त्रियांना तर चिठ्ठीच कमी वेळा दिली जाते.

नोंदवहीला वेळ लागेल, हे कळतं. ऑपरेशन नोटची प्रत डिस्चार्जच्या वेळी रुग्णाच्या हाती देण्याचा आदेश मात्र एका परिपत्रकाचं काम आहे. तेवढा या महिन्यातच काढावा.

आपली,
कार्डिअ‍ॅक रिहॅबमधील एक फिजिओथेरपिस्ट