त्यांचा विश्वास पाहून

प्रिय मावशी,

सलाम.

परवा रविवारी उपासनेत साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची, वेळ आली तेव्हा मी उभी राहिले. चार वाक्यं घोकून आले होते. पहिल्याच वाक्याला गळा दाटून आला आणि बाळाला खांद्याशी धरून मी तशीच खाली बसले. तुम्ही मागच्या बाकावरून पाहत होतात. उपासना संपल्यावर दाराशी भेटलात, बाळाच्या पायातून निसटलेला मोजा नीट वर ओढलात आणि काही न बोलता गेलात. तोंडावर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, हे मला आता पाठ झालं आहे. म्हणून लिहिते आहे. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते कुणालाही करता येईल असं तुम्ही म्हणता, पण ते करणारं माणूस मला त्या वर्षात एकच भेटलं.

जानेवारीच्या शेवटी, लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर, मला दिवस राहिले. पंधरा दिवसांत पपांच्या आजाराचं निदान झालं आणि डॉक्टर महिन्यांचं नाही, आठवड्यांचं बोलू लागले. मार्च संपायच्या आत पपा गेले. सप्टेंबरच्या अखेरीस मुलगी झाली. वर्षाची हकिगत सांगायची तर एवढीच.

पपांना मी सोनोग्राफीचं चित्र दाखवलं होतं. काळ्यावर नखाएवढा करडा ठिपका, दुसरं काही नाही. त्यांनी चष्मा मागितला, कागद हातात घेतला तो उलटा धरला, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "नाक माझं आहे." मी कागद सुलटा करून दिला नाही.

तीन आठवडे मंडळीने उपास करून प्रार्थना केली होती. मीही केली, अगदी खात्रीने. नऊ वर्षांनी मूल देणारा देव पपांना सहा महिने तरी देईलच, असा माझा हिशोब होता. दफनाच्या दिवशी कबरस्थानातून परतल्यावर एकीने मला जवळ घेऊन सांगितलं की कुठेतरी आपला विश्वास कमी पडला असेल. दुसरं कुणी म्हणालं, पोटात बाळ आहे, रडू नकोस, देवाने एक नेलं तर एक दिलंही. त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे तेव्हाही कळत होतं. पण या बाळाच्या बदल्यात पपा गेले, असं काहीतरी त्या वाक्यातून माझ्या मनात घुसलं ते कितीतरी दिवस निघेना.

तुम्ही त्या दिवशी खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसलात. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. माझ्या मांडीवरचा ओला रुमाल उचलायचा आणि तिथे कोरडा ठेवायचा, एवढीच तुमची हालचाल. एकदाही "धीर धर" म्हणाला नाहीत. पवित्र शास्त्रातल्या (बायबलमधल्या) ईयोबावर संकटांमागून संकटं आली तेव्हा त्याचे तीन मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले, त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांनी तोंड उघडलं तिथपासून त्यांचं चुकत गेलं, हे तुम्ही मला खूप नंतर सांगितलंत. "मी त्यांच्याकडून ते पहिले सात दिवस तेवढे शिकते," असं म्हणालात. मला मात्र त्या दुपारीच कळलं होतं की या खोलीत मला उत्तर न देणारं एक माणूस आहे आणि त्याच्याजवळ मला रडता येतं आहे.

जाताना तुम्ही तुमचं पवित्र शास्त्र माझ्या हातात ठेवलंत. रेशमी फीत एका पानावर घातलेली होती. मला वाटलं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे तेविसावं स्तोत्र असेल; ते तर सकाळी कबरेपाशीच वाचलं होतं. उघडलं तर अठ्ठ्याऐंशीवं. अठरा वचनांचं ते स्तोत्र शेवटपर्यंत उजळतच नाही. विलापाची इतर स्तोत्रं बहुतेक कुठेतरी वळतात, शेवटी स्तुतीला येतात; हे मात्र अंधारावरच थांबतं. तू मला का टाकलंस, माझ्यापासून तोंड का लपवतोस, असं तो देवाला विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही. त्या रात्री मी ते तीनदा वाचलं. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, ती कुणी गाळली नाही, पिढ्यान्पिढ्या लोकांनी ती जपून नकलून ठेवली, हे पाहिलं आणि दफनानंतर पहिल्यांदा माझा श्वास मोकळा झाला. पुढे मी तेरावंही शोधलं. त्याच्या पहिल्या दोनच वचनांत "किती काळ" हा प्रश्न चारदा येतो. लहानपणापासून ही स्तोत्रं माझ्या घरात होती आणि मी त्यांच्यावरून पानं उलटत आले होते. देवावर रागावलेल्या माणसालाही तिथे जागा आहे, हे तुम्ही मला बोलून नाही, फीत घालून दाखवलंत.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला मेसेज यायला लागला. "आज तुझ्यासाठी प्रार्थना केली. उत्तर देऊ नकोस." रोज तेच शब्द. वचन नाही, फुलाचं चित्र नाही. "उत्तर देऊ नकोस" या तीन शब्दांची किंमत, ज्याला शंभर सांत्वनाच्या मेसेजना हात जोडलेले चित्र पाठवावं लागलं आहे, त्यालाच कळेल.

मे महिन्यात मी तुम्हाला सांगितलं की माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. गुडघे टेकते, पण आत काही हलत नाही. हे सांगताना मला भीती वाटत होती, कारण मी रविवार शाळेत शिकवते आणि मुलांना प्रार्थना करायला मीच सांगते. तुम्ही म्हणालात, "मग नको करूस. तुझ्या वतीने मी करते आहे." आणि मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली ती गोष्ट काढलीत, जी मी स्वतः मुलांना कागदी छप्पर करून कितीदा शिकवली आहे. पक्षाघाताचा रोगी, त्याला उचलून आणणारे चौघे, दाराशी न मावणारी गर्दी, छप्पर उकरून खाली सोडलेली बाज. तुम्ही विचारलंत, "येशूने कुणाचा विश्वास पाहिला?" मी सवयीने म्हणाले, त्या रोग्याचा. "नीट वाच." मी वाचलं. त्यांचा विश्वास पाहून, असं आहे. त्यांचा. बाजेवरचा माणूस त्या सगळ्या प्रसंगात एक शब्द बोलत नाही. तो विश्वासू होता की कडू झाला होता, तिकडे यायला राजी होता की नव्हता, काहीच लिहिलेलं नाही.

मावशी, इतकी वर्षं ती गोष्ट शिकवून मी स्वतःला नेहमी त्या चौघांपैकी एक समजत आले होते. बाजेवर आडवं पडून वर उघडणारं छप्पर पाहायची वेळ माझ्यावर त्या मे महिन्यात आली. विश्वासातून बळ मिळालं असं आता लोक माझ्याविषयी बोलतात. मिळालं, पण तो विश्वास तेव्हा माझा नव्हता. तुमचा होता. तो तुम्ही मला उसना दिलात आणि परत मागितला नाहीत.

तुमची वही मी जूनमध्ये पाहिली. तुम्ही आतल्या खोलीत गेला होतात आणि ती टेबलावर उघडी होती. न विचारता वाचली, त्याबद्दल माफी मागते. पेन्सिलीने लिहिलेली नावं, तारखा, मागण्या. काही ओळींपुढे बरोबरची खूण होती. माझ्या नावापुढे "बाळ सुखरूप", रोजच्या तारखेसह. दोन पानं मागे पपांचं नाव. त्यापुढे खूण नव्हती. खोडलंही नव्हतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "प्रभू, मला कळलं नाही." तेव्हा कळलं की तुमच्याजवळही उत्तर नव्हतं, आणि तरी तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठला होतात. त्या चार शब्दांनी मला कुठल्याही प्रवचनापेक्षा जास्त आधार दिला.

त्याच दिवसांत मला पंडिता रमाबाईंचं उदाहरण दोन-तीनदा ऐकवलं गेलं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ साली गेली. पुढच्या वर्षी, ५ एप्रिल १९२२ ला, रमाबाई गेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चालवलेलं पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर त्यांनी त्या मधल्या महिन्यांत शेवटाला नेलं. मी कंबर कसून उठावं म्हणून लोक हे सांगत, आणि ऐकून मी आणखी खचत असे. तुम्ही त्यांचा विषय एकदाच काढलात. म्हणालात, "लेखणी उचलवली नसेल असेही दिवस त्या माउलीला आलेच असतील गं. ते कुणी लिहून ठेवले नाहीत, एवढंच." त्यानंतर रमाबाई मला जवळच्या वाटू लागल्या.

आता आनंदाविषयी. आनंद इतका कठीण जाईल असं मला वाटलं नव्हतं. मुलगी झाली, नर्सने आणून हातात दिली, आणि मी सगळ्यात आधी तिचं नाक पाहिलं. पपांचंच आहे. मी हसले आणि त्याच क्षणी मोठ्याने रडले. नर्स घाबरून विचारायला लागली कुठे दुखतं आहे. पुढचे काही दिवस असेच. बाळ जांभई देई आणि माझ्या तोंडावर हसू येई, आणि मागोमाग वाटे की पपांना इतक्यात विसरले का मी. कुणी अभिनंदन करायला आलं की अपराध्यासारखं होई.

तुम्ही पाचव्या दिवशी आलात. बाळाला घेतलंत, आणि पवित्र शास्त्रातल्या एज्राच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट वाचलात. यरुशलेमेतलं पहिलं मंदिर इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने जाळलं. तिथल्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांनी नव्या मंदिराचा पाया घातला तो जवळजवळ पन्नास वर्षांनी. त्या दिवशी तरुणांनी हर्षाने आरोळ्या ठोकल्या. आणि ज्या म्हाताऱ्यांनी पहिलं मंदिर डोळ्यांनी पाहिलं होतं, ते मोठ्याने रडले. दोन्ही आवाज इतके मिसळले की हर्षाचा कुठला आणि रडण्याचा कुठला हे लोकांना ओळखता येईना. त्या म्हाताऱ्यांना कुणी गप्प केलं असं तिथे लिहिलेलं नाही, आणि त्यांच्यासाठी तरुणांनी आपला आनंद आवरला असंही नाही. "तुझ्या एकटीच्या गळ्यातून दोन्ही निघताहेत," तुम्ही म्हणालात. "निघू दे. तो आवाज लांबपर्यंत ऐकू जातो." मी त्या दिवशी बाळाला छातीशी धरून पपांविषयी दोन तास बोलले. उलटा धरलेला कागदही सांगितला. तुम्ही हसलात, मग चष्मा पुसलात.

प्रार्थना मला परत कधी यायला लागली, ते नेमकं सांगता येणार नाही. एका रात्री दूध पाजताना लक्षात आलं की मी कुणाशी तरी बोलते आहे. तक्रारच करत होते. पण बोलत होते.

मावशी, पुढच्या आठवड्यात तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. तुम्ही मंडळीत कुणाला सांगितलं नाहीत, मला तुमच्या सुनेकडून कळलं. मी एक वही आणली आहे. पहिल्या पानावर तुमचं नाव लिहिलं आहे, पेन्सिलीने, तारीख घालून. त्यापुढे खूण करायला मिळेल की नाही, मला माहीत नाही. उद्या सकाळी सहाला तुम्हाला मेसेज येईल. बाळ तोपर्यंत उठलेलंच असतं.

उत्तर देऊ नका.

तुमची,
पपांची लेक