पेपर मराठीत, पण पुस्तक कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवाचा अग्रलेख वाचला तेव्हाच लिहायला बसणार होते. रागाच्या भरात लिहू नये म्हणून एक दिवस थांबले, पण राग काही गेला नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या अटी कुणासाठीही सैल करू नयेत, हे तुमचं मत आहे आणि ते मांडायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा पेपर आता तेरा भाषांत मिळतो, तेव्हा ग्रामीण मुलांनी भाषेची सबब सांगणं थांबवावं, असं लिहिण्याआधी मराठीतून ही परीक्षा दिलेल्या एखाद्या मुलाशी बोलायला हवं होतं. मी बोलले आहे. एका मुलीला तर मराठी पेपर घ्यायचा सल्ला मीच दिला होता.

तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मी सत्तावीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. ही मुलगी २०१७ साली अकरावी सायन्सला आली. आधी जिल्हा परिषदेची शाळा, मग हायस्कूल, सगळं मराठीतून. दहावीला ९२ टक्के. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागला की परत यायचे, तोवर ही आजीजवळ. पहिल्या चाचणीत तिला जीवशास्त्रात पंचवीसपैकी सहा गुण पडले. पेपर हातात घेऊन स्टाफरूममध्ये आली आणि म्हणाली, "मॅडम, उत्तरं येत होती, प्रश्न कळले नाहीत."

तंतुकणिका, हरितलवक, गुणसूत्र हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांचं मायटोकाँड्रिया, क्लोरोप्लास्ट, क्रोमोसोम झालं आणि मधला पूल कुणी बांधून दिला नाही. मग तिनं स्वतःच एक दोनशेपानी वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी, इंग्रजीचा उच्चार कंसात देवनागरीत. रोज मधल्या सुट्टीत मला दाखवायची. बारावीला येईपर्यंत डावीकडचा रकाना रिकामा राहू लागला. नवीन जे काही शिकायची ते फक्त इंग्रजीतच शिकत होती, त्याला मराठीत काय म्हणतात ते मीही सांगत नव्हते. खरं सांगायचं तर बऱ्याच शब्दांचं मलाही माहीत नव्हतं.

नीटचा अर्ज भरताना प्रश्नपत्रिकेची भाषा विचारतात. मी म्हटलं, मराठी टाक, मराठीबरोबर इंग्रजीही छापलेलं असतं, नुकसान काहीच नाही.

नुकसान झालं. ५ मे २०१९ चा पेपर. १८० प्रश्न, १८० मिनिटं. एका प्रश्नाला एक मिनिट, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक वजा. संध्याकाळी तिचा फोन आला. प्रश्न आधी मराठीत वाचायचा, त्यातले दोन शब्द कधी पाहिलेले नसायचे, मग इंग्रजीकडे जायचं, पुन्हा मराठीशी ताडून बघायचं. फिजिक्सचे अकरा प्रश्न वाचायचेच राहिले. आणि हे ताडून बघणं टाळताही येत नाही, कारण अनुवादात काही संदिग्ध असेल तर इंग्रजी पाठच अंतिम धरला जाईल, असा नियमच आहे. म्हणजे मराठी पेपर घेणाऱ्यानं तेवढ्याच वेळात दोन पेपर वाचायचे.

तिला ७२० पैकी ३९१ पडले. सरकारी महाविद्यालयांची यादी तिच्या बरीच वर संपली. ती कोणत्या प्रवर्गातली होती हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिलं की वाचणारा पुढचं वाचायचं सोडून देतो.

संपादक महाशय, तेरा भाषांत मिळतो तो पेपर. अभ्यास मिळत नाही. आपल्या राज्यात दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकता येतं, अकरावी-बारावीला ते इंग्रजीतूनच शिकवलं जातं. नीट केंद्राच्या एनसीईआरटी या संस्थेच्या ज्या पुस्तकांवर बेतलेली असते ती हिंदी, इंग्रजी आणि उर्दूत निघतात, मराठीत नाही. मग मराठी पेपर घेणाऱ्या मुलानं कोणतं पुस्तक वाचून यायचं? मध्य प्रदेशानं २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं हिंदीत काढली. मी एमबीबीएस मराठीत करा असं म्हणत नाही. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, दोन वर्षांची मिळून सहा पुस्तकं. इंग्रजी संज्ञेशेजारी मराठी संज्ञा छापलेली, दोन्ही भाषांत एकाच पानावर. एवढंही जमत नसेल तर अर्जातला मराठीचा पर्याय काढून टाका, निदान माझ्यासारख्या शिक्षकांच्या हातून मुलांची फसगत तरी होणार नाही.

आता गुणवत्तेबद्दल. त्याच २०१९ साली खुल्या प्रवर्गात नीटमध्ये पात्र ठरायला ७२० पैकी १३४ गुण पुरत होते. १३४ वाल्याला सरकारी जागा मिळत नाही, पण लाखांनी फी भरायची ऐपत असेल तर खासगी महाविद्यालयाचा रस्ता त्याच्यासाठी उघडा असतो. माझ्या विद्यार्थिनीला ३९१ होते आणि तिच्यासाठी सगळे रस्ते बंद होते. २०२३ मध्ये तर पदव्युत्तर प्रवेशाच्या रिकाम्या जागा भराव्यात म्हणून पात्रतेचं पर्सेंटाइल शून्यावर आणलं, म्हणजे परीक्षा दिलेला कुणीही पात्र. अटी सैल होतच नाहीत असं नाही. जागा रिकाम्या राहतात तेव्हा त्या होतात. ऊसतोड कामगाराच्या मुलीसाठी सैल करा म्हटलं की रुग्णांच्या जिवाची आठवण निघते. हे मला सहन होत नाही.

तिनं पुन्हा वर्षभर तयारी करावी असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं. शहरातल्या रिपीटर बॅचची फी तिच्या आईवडिलांच्या एका हंगामाच्या उचलीपेक्षा, म्हणजे ऊसतोडीसाठी मिळणाऱ्या आगाऊ रकमेपेक्षा, जास्त होती, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. तमिळनाडूनं २०२० मध्ये कायदा करून सहावी ते बारावी सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी वैद्यकीयच्या साडेसात टक्के जागा राखल्या. ही मुलंही नीट पास होऊनच येतात, फक्त त्यांची यादी वेगळी लागते. मद्रास उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये तो कायदा कायम ठेवला. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळा इतक्या, आणि या प्रश्नावर साधी चर्चाही होत नाही. तुमच्या अग्रलेखात तमिळनाडूचं नावही नव्हतं.

आणखी एक सांगायचं आहे, लांबलं तरी चालेल. ज्या अंकात तुम्ही ग्रामीण मुलांना कष्ट करायचा उपदेश केलात त्याच अंकाचं पहिलं पान एका क्लासच्या जाहिरातीचं होतं. चाळीसेक मुलांचे फोटो, त्याखाली गुण. अशाच क्लासेसमुळे आमच्या महाविद्यालयाचे वर्ग ओस पडले. मुलांची नावं आमच्या हजेरीपटावर, मुलं शहरात. शेवटच्या दोन वर्षांत पटावर ऐंशी आणि समोर अकरा मुलं, असे तास मी घेतले आहेत. ती अकरा मुलं फी परवडत नाही म्हणून थांबलेली असायची. जाहिरातीवर वर्तमानपत्र चालतं हे मला कळतं. पण ते पान छापून आतल्या पानावर सबबी सांगू नका म्हणणं बरोबर नाही.

ती मुलगी बी.एस्सी. नर्सिंग झाली, आता एका आरोग्य उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तिच्या कामाचा मला अभिमान आहे. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि ती झाली असती, हेही तितकंच खरं.

तिची वही माझ्याकडे आहे, जाताना मला देऊन गेली. डावीकडच्या रिकाम्या रकान्यातले बरेच शब्द मी निवृत्तीनंतर शोधून भरले आहेत, साधारण नऊशे झाले. तुमच्या शालेय पुरवणीत दर आठवड्याला त्यातले वीस छापायची तयारी असेल तर मी ते मोफत लिहून पाठवते.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका